जॉली बॉय बेटावरचे मोजके तास

नाशिकहून अंदमानला गेलेल्या माणसाने सेल्युलर जेल पाहिले नाही, तर परत आल्यावर त्याला गावात तोंड दाखवायची सोय राहत नाही, आणि ते योग्यच आहे. सावरकरांचे जन्मगाव भगूर आमच्या घरापासून फार लांब नाही, आणि 1909 मध्ये विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्या प्रकरणाचे धागे पुढे अंदमानापर्यंत पोहोचले, हे इथल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्यामुळे सहलीचा तो भाग वादातीत होता. वाद झाला तो उरलेल्या दिवसांचे काय करायचे यावर. अंदमान पाहून आलेल्या परिचितांपैकी बहुतेकांचे म्हणणे असे होते की, हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपाला, जास्तीत जास्त मुक्काम करावा आणि ‘त्या गाईडवाल्या बोटीच्या सहली’ टाळाव्यात, कारण सकाळी नेतात, शिट्टीच्या तालावर फिरवतात आणि दुपारी परत आणून सोडतात, एवढ्यात दिसणार तरी काय? आम्ही हॅवलॉकही पाहिले आणि ते सुंदरच आहे. पण ज्या दिवसाबद्दल मला सविस्तर लिहावेसे वाटते, तो शिट्टीच्या तालावरचाच दिवस आहे, आणि तो तसा होता म्हणूनच चांगला गेला, असे माझे मत आहे.

जॉली बॉय हे महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातील एक छोटे बेट. हे उद्यान 1983 मध्ये स्थापन झाले. दक्षिण अंदमानच्या नैर्ऋत्येला वांडूर गावासमोर सुमारे 280 चौरस किलोमीटर क्षेत्रात ते पसरले असून त्यात लहानमोठी 15 बेटे आहेत. तारमुगली, ग्रब, प्लूटो, स्नॉब, चेस्टर अशी त्यांची नावे वाचताना मौज वाटते, पण पर्यटकांना यांपैकी दोनच बेटे खुली असतात आणि तीही आलटूनपालटून. साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून मेच्या मध्यापर्यंत जॉली बॉय आणि पावसाळ्याच्या काळात अधिक आडोशाचे रेड स्किन, अशी वाटणी आहे. ‘मान्सून अंदमानात दाखल’ ही मे महिन्यातली बातमी आमच्या नाशिक जिल्ह्यात जितक्या आतुरतेने वाचली जाते, तितकी क्वचितच दुसरी कुठली वाचली जात असेल. खरिपाची सगळी गणिते तिथून सुरू होतात. त्याच बातमीचा तिकडचा अर्थ मात्र मला या वेळी प्रथम कळला. पश्चिमेकडून वारे सुटतात, समुद्र खवळतो, छोट्या होड्या किनाऱ्याला लावणे अशक्य होते आणि जॉली बॉयला काही महिन्यांची सुट्टी मिळते. ही सुट्टी प्रवाळांच्या फायद्याची ठरते, असे आमच्या गाईडने आवर्जून सांगितले.

आम्ही गेलो ते जानेवारीत. निफाडकडे पारा दहा अंशांच्या खाली उतरलेला असताना, पोर्ट ब्लेअरला (2024 पासून त्याचे अधिकृत नाव श्री विजय पुरम असले तरी तिथले रिक्षावाले अजून जुनेच नाव घेतात) सकाळी सातलाच पंख्याची गरज भासत होती. अंदमान नाशिकच्या पूर्वेला जवळजवळ 19 रेखांश आहे, पण घड्याळ तेच, त्यामुळे सूर्य आमच्यापेक्षा तिकडे सुमारे सव्वा तास आधी उगवतो आणि संध्याकाळी तितकाच लवकर बुडतो. तिकडच्या सगळ्या सहली भल्या पहाटे का निघतात, याचे कारण एवढे साधे आहे. आदल्या दिवशी सहल आयोजकाने पहाटे साडेपाचला उठायला सांगितले, तेव्हा आमच्या गटातील काही मंडळींनी कुरकुर केली होती. प्रत्यक्षात त्या वेळी खिडकीबाहेर चांगले उजाडलेले होते.

पोर्ट ब्लेअर ते वांडूर हे अंतर सुमारे तीस किलोमीटर. रस्ता सुपारीच्या आणि नारळाच्या बागांतून जातो, आणि शेवटच्या टप्प्यात एकदम पाण्यात उभी असलेली वाळकी झाडे दिसू लागतात. 26 डिसेंबर 2004 च्या भूकंपाने दक्षिण अंदमानची जमीन जवळजवळ एक मीटरने खचली, त्सुनामीची लाट ओसरली तरी अशा सखल भागांतून खारे पाणी परत गेले नाही, आणि गोड्या पाण्यावर वाढलेली झाडे जागच्या जागी मेली. उत्तर अंदमानात याउलट झाले; तिथे जमीन वर उचलली गेली आणि किनाऱ्यालगतची प्रवाळे पाण्याबाहेर येऊन सुकली. एकाच भूकंपाने एका टोकाला झाडे बुडवली आणि दुसऱ्या टोकाला प्रवाळे उघडी पाडली, हे ऐकल्यावर बसमध्ये थोडा वेळ कोणी बोलले नाही.

वांडूरच्या धक्क्यावर खरी गंमत होती. जॉली बॉयवर प्लास्टिक न्यायला पूर्ण बंदी आहे, आणि ही बंदी फलकापुरती नाही. वनखात्याचे कर्मचारी प्रत्येक पिशवी उघडून पाहतात. पाण्याची बाटली, बिस्किटाचा पुडा, वेफर्सचे पाकीट, चिवड्याची पिशवी, सारे बाहेर काढून ठेवावे लागते. पाण्यासाठी अनामत रक्कम भरून बाटली भाड्याने मिळते, ती परत आणून दाखवली की पैसे परत. आता नाशिकच्या मंडळींचा गट आणि चिवड्याशिवाय प्रवास, ही कल्पनाच अवघड. आमच्यातल्या एका मावशींनी हातातले पाकीट घट्ट धरून कर्मचाऱ्याला सांगितले, “भैया, हा आमच्या गावचा चिवडा आहे, कचरा नाही.” तो तरुण हसला, पण हलला नाही. शेवटी मावशींच्या स्टीलच्या डब्यातील पोळ्या दुसऱ्या डब्यात गेल्या, रिकाम्या डब्यात चिवडा ओतला गेला आणि पाकीट धक्क्यावरच्या पेटीत पडले. परवाना, ओळखपत्र आणि पिशव्या या तिन्हींच्या तपासणीत बराच वेळ गेला. काही जणांना तो जाच वाटला. मला मात्र त्या तरुणाचे कौतुक वाटले, कारण आमच्याकडे गोदाघाटावरही प्लास्टिकबंदीचे फलक आहेत, आणि सिंहस्थाच्या तयारीत ते आणखी लागतीलही, पण पिशवी उघडायला लावणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

त्याच धक्क्याजवळ मगरींचा इशारा देणारा फलक आहे. अंदमानच्या खाड्यांत खाऱ्या पाण्यात राहणाऱ्या मोठ्या मगरी आहेत आणि वांडूरच्या किनाऱ्यावर मनाला येईल तिथे पाण्यात उतरता येत नाही. गाईडने पहिल्याच पाच मिनिटांत हे सांगून टाकले. त्याचे आजोबा रांचीकडून जंगलतोडीच्या कामासाठी इकडे आणले गेले होते आणि त्याचे बालपण याच गावात गेले होते. त्याची हिंदी संथ होती आणि कुठल्याही प्रश्नाला तो आधी थोडा थांबून मग उत्तर देत असे. पाठ केलेले भाषण न करणारा गाईड मिळणे हे भाग्यच, असे मला आमच्या त्र्यंबकेश्वरच्या आणि वेरूळच्या अनुभवांवरून वाटते.

मोठी बोट सुटल्यावर सुरुवातीचा प्रवास खाडीतून होतो. दोन्ही बाजूंना खारफुटीची दाट भिंत असते आणि पाणी हिरवट, जवळजवळ अचल. गंगापूर धरणावर बोटीत बसण्याची सवय असलेल्या आम्हा लोकांना तो भाग ओळखीचा वाटला. मग बेटांची रांग संपते, बोट उघड्या पाण्यात येते आणि रंग बदलू लागतो: हिरवा, मग गडद निळा, आणि बेट जवळ आले की, खालची पांढरी वाळू दिसू लागल्यामुळे एकदम फिकट निळा. सुमारे तासाभरात आम्ही पोहोचलो. बेटाला धक्का नाही. मोठी बोट दूर उथळ पाण्याबाहेर उभी राहते आणि माणसांना छोट्या होड्यांत उतरवून किनाऱ्याकडे नेले जाते. वयाची सत्तरी ओलांडलेल्या माझ्या सासूबाई या अदलाबदलीच्या वेळी थोड्या घाबरल्या, कारण दोन्ही होड्या एकाच वेळी वर-खाली होत असतात. पण खलाशांनी दोन्ही बाजूंनी हात धरून त्यांना अलगद उतरवले. नऊवारीत होडी बदलणाऱ्या सासूबाई त्या दिवशीच्या एकमेव प्रवासी होत्या.

या छोट्या होड्यांचा तळ काचेचा असतो आणि दिवसाचा सर्वांत मोलाचा भाग इथे सुरू होतो. पहिली काही मिनिटे मात्र आमच्या होडीत स्पष्ट निराशा होती. जाहिरातींतल्या छायाचित्रांत प्रवाळे लाल, जांभळी, केशरी असतात. काचेखाली दिसत होते ते तपकिरी, खाकी आणि मातकट हिरवे. सासूबाईंनी काचेवर वाकून पाहिले आणि मला हळूच म्हणाल्या, “अगं, हे तर फ्लॉवरचे गड्डे मातीत पडल्यासारखे दिसतंय.” मी ते हिंदीत सांगितल्यावर गाईडला हसू आले, आणि मग त्याने जे सांगितले ते मला कुठल्याही पुस्तकापेक्षा चांगले समजले.

त्याचे म्हणणे असे की, तपकिरी दिसते आहे म्हणजे प्रवाळ जिवंत आहे. प्रवाळाचे बांधकाम करणारे इवलेसे प्राणी पारदर्शक असतात. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते, ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देते. तपकिरी रंग त्या शैवालाचा. पाणी नेहमीपेक्षा एखाददुसरा अंश जास्त तापले आणि ते काही आठवडे तसेच राहिले, तर हा संसार मोडतो, शैवाल बाहेर टाकले जाते आणि प्राण्याच्या पारदर्शक कातडीतून आतला चुन्याचा सांगाडा पांढराफटक दिसू लागतो. म्हणजे डोळ्यांना जे पांढरे, स्वच्छ आणि सुंदर वाटते, ते उपाशी असते. जाहिरातीतल्या रंगांबद्दलही त्याने सांगितले: पाण्यात लाल प्रकाश सर्वांत आधी शोषला जातो, त्यामुळे चार-पाच मीटर खोलीवर लाल वस्तूही काळपट दिसते, छायाचित्रकार खाली उतरून प्रखर दिवा लावतो म्हणून त्याच्या चित्रात रंग उमटतात. काचेतून पाहताना खोलीचाही अंदाज चुकतो. चार मीटरवरची वस्तू तीन मीटरवर असल्यासारखी भासते, आणि म्हणून आमच्यातला प्रत्येक जण ‘हात घातला तर लागेल’ असे म्हणत होता.

त्यानंतर होडी तीच, काच तीच, पण दृश्य बदलले. हरणाच्या शिंगांसारख्या फांद्या असलेल्या प्रवाळांची टोके फिकट होती, तेव्हा कोणीतरी लगेच “हे आजारी आहे का?” असे विचारले. नाही, टोक पांढरे असणे हे वाढीचे लक्षण, तिथे नवा भाग तयार होतो आहे आणि शैवाल अजून पोहोचायचे आहे; सगळी फांदी पांढरी असेल तर काळजी. पुढे एक गोलसर खडक होता, निदान आम्हाला तो खडक वाटला. तोही प्रवाळच निघाला. फांद्यांची प्रवाळे वर्षाला दहा सेंटीमीटर किंवा त्याहून अधिक वाढतात, पण असे गोलघुमट प्रवाळ वर्षाला जेमतेम एक सेंटीमीटर वाढते. आमच्या खालचा तो घुमट दोन मीटर रुंद आहे असे धरले, तर मध्यापासून कडेपर्यंत पोहोचायला त्याला शंभर वर्षे लागली असणार. आदल्या दिवशी पाहिलेल्या सेल्युलर जेलचे बांधकाम 1906 मध्ये पूर्ण झाले, आणि सावरकर बंधू तिथे कोठडीत होते त्या काळात हा घुमट फार तर एखाद्या ताटाएवढा असेल, असा हिशेब आमच्या ह्यांनी होडीतच मांडला. इतिहासाच्या पुस्तकातले एक वर्ष समुद्राच्या तळाशी मोजून पाहायला मिळेल, असे मला कधी वाटले नव्हते.

मग समुद्रफुलाच्या हलत्या बोटांमध्ये लपणारे केशरी-पांढरे मासे दिसले, वाळूवर स्वस्थ पडलेली काळी समुद्रकाकडी दिसली, आणि उघडझाप करणारा एक मोठा शिंपला दिसला, ज्याच्या ओठांवर निळ्या रंगाची नागमोडी नक्षी होती. पोपटमासा चोचीसारख्या दातांनी प्रवाळ खरवडतो, त्यावरचे शैवाल पचवतो आणि उरलेला चुना बारीक वाळूच्या रूपाने मागे सोडतो. ज्या पांढऱ्याशुभ्र वाळूवर उतरण्यासाठी आम्ही एवढ्या लांबून आलो होतो, तिचा बराचसा भाग अशा माशांच्या पोटातून गेलेला आहे, हे कळल्यावर आमच्या गटातील दोन काकांनी चपला घालूनच चालणे पसंत केले.

गाईडने वाईट भागही दाखवला, आणि त्यासाठी मी त्याची विशेष ऋणी आहे. एका ठिकाणी तळावर नुसते तुकडे पडले होते, राखाडी, शेवाळलेले, मोडक्या फांद्यांचे ढीग. 2010 च्या उन्हाळ्यात अंदमानचे पाणी असाधारण तापले आणि मोठ्या प्रमाणावर प्रवाळे पांढरी पडली. त्याआधी 1998 मध्ये आणि नंतर 2016 मध्येही असे घडले. काही ठिकाणी नवे प्रवाळ पुन्हा रुजले आहे, काही ठिकाणी नाही. आपण एकटेच आलो असतो, तर सुंदर भागावर नजर ठेवून आणि तुकड्यांवरून सहज पुढे सरकून परतलो असतो.

काचेच्या होडीनंतर ज्यांची इच्छा होती त्यांना स्नॉर्केलिंगची मुभा होती. तोंडात नळी, डोळ्यांवर आणि नाकावर मुखवटा, अंगात जीवरक्षक जाकीट, आणि हातात रबरी रिंग. रिंग ओढत पुढे जाणारा प्रशिक्षक सोबत असतो. गोदावरीत पोहायला शिकलेल्या माझ्या यजमानांना वाटत होते की, त्यांना रिंगेची गरज नाही, पण नदीत पोहणाऱ्याची अडचण वेगळीच असते. नदीत नाकाने श्वास घेण्याची आणि हात मारून पुढे सरकण्याची सवय. इथे श्वास तोंडाने घ्यायचा आणि हात जवळजवळ स्थिर ठेवायचे. खाऱ्या पाण्यात शरीर आपोआप वर राहते, म्हणून पाय जोरात मारण्याचेही कारण नसते, उलट उथळ भागात मारलेली एक लाथ दहा वर्षांची फांदी मोडू शकते. प्रशिक्षकाने दोनच सूचना पुन्हा पुन्हा दिल्या: उभे राहू नका आणि काहीही धरू नका. पाण्याखाली स्वतःच्या श्वासाचा आवाज इतका मोठा ऐकू येतो की, पहिली काही मिनिटे त्यातच जातात. नंतर खाली पाहण्याइतका धीर आला, आणि काचेतून जे सपाट वाटले होते त्याला उंची, सावली आणि खोली आली. तरीही कोणाला पाण्यात उतरायचे नसेल, तर त्याने मन मारण्याचे कारण नाही. जे समजायचे ते आम्हाला होडीतच समजले होते.

बेटावर दुकान नाही, उपाहारगृह नाही, राहण्याची सोय तर नाहीच. दोन-तीन तासांनी शिट्टी होते आणि सर्वांना परत बोलावले जाते. झाडाखाली बसून आम्ही पोळ्या, शेंगदाण्याची चटणी आणि तो वादग्रस्त चिवडा खाल्ला, आणि प्रत्येक डबा मोजून परत भरला. एका कुटुंबाला आणखी थांबायचे होते आणि ते गाईडशी हुज्जत घालत होते. त्यांची हळहळ समजण्यासारखी होती, परंतु बेट इतके लहान आहे की रोज ठरावीक माणसांनी ठरावीक तासांपुरते यावे, आठवड्यातून एक दिवस (सोमवारी) कोणीच येऊ नये आणि पावसाळ्यात महिनोन्‌महिने ते बंद राहावे, या अटी काढून टाकल्या तर पाहण्यासारखे काय उरेल, हा प्रश्न मला त्या क्षणी जास्त महत्त्वाचा वाटला. मुक्कामाच्या ठिकाणी माणूस निवांत असतो, म्हणून कमी पाहतो, असाही माझा एक संशय आहे. इथे वेळ मोजका होता, त्यामुळे फोन बाजूला पडले आणि सत्तरीच्या सासूबाईंपासून आठवीतल्या मुलापर्यंत सगळे काचेवर वाकून प्रश्न विचारत होते.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. बेट उघडण्याच्या आणि बंद होण्याच्या तारखा दरवर्षी थोड्या बदलतात, म्हणून विमानाची तिकिटे काढण्याआधी त्यांची चौकशी करावी. परवाना आदल्या दिवशी हातात असलेला बरा, आणि मूळ ओळखपत्र सोबत हवेच. खाण्याचे पदार्थ नाशिकहून निघतानाच स्टीलच्या डब्यांत भरावेत. बोट लागण्याचा त्रास असणाऱ्यांनी गोळी बोटीत बसल्यावर नव्हे, तर निघण्यापूर्वी घ्यावी. ओहोटीच्या वेळी होडी प्रवाळांच्या अगदी वरून नेता येत नाही, तेव्हा त्या दिवशीची भरतीची वेळ आयोजकाला विचारून ठेवावी. किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा मेलेला तुकडासुद्धा उचलू नये. खडकासारखी वाढणारी प्रवाळे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि परतताना विमानतळावर सामानाची तपासणी होते. आमच्या पुढच्या रांगेतील एका गृहस्थांच्या बॅगेतून अशा तुकड्यांची छोटी पुडी निघाली, आणि विमानाची वेळ होईपर्यंत ते अधिकाऱ्यांना लेखी जबाब देत बसले होते.